प्रत्यारोपणानंतर नसांची सूज: ‘औषधानेच होतंय’ म्हणण्याआधी काय पाहायचं?

वृक्कवल्ली

मूत्रपिंड किंवा यकृत बदलल्यावर पायाला मुंग्या, हाताला कंप, जिना चढताना गुडघा मोडतो अशी तक्रार आली की वॉर्डातल्या मावशींपासून घरच्यांपर्यंत सगळ्यांकडे एकच उत्तर तयार असतं: "टॅक्रोलिमस चालू आहे ना, मग होणारच." (टॅक्रोलिमस म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी.) बऱ्याचदा ते उत्तर बरोबरही निघतं. पण त्याच उत्तराच्या आड जीबीएस, म्हणजे प्रतिकारशक्तीच नसांवर उलटून हातपाय झपाट्याने लुळे पडण्याचा आजार, आणि त्याचा रेंगाळणारा भाऊ सीआयडीपी लपून राहतात. जीबीएसमध्ये आठवडा वाया जाणं फार महागात पडतं.

माझे प्रश्न दोन. प्रतिकारशक्ती तीन-तीन औषधांनी दाबून ठेवलेली असताना तीच नसांवर उलटते कशी? आणि अशा माणसाचे हातपाय लुळे पडू लागले तर कुठल्या क्रमाने काय पाहायचं, उपचारात नव्या अवयवाला धक्का लागू नये म्हणून काय सांभाळायचं?

माझं मत आधीच सांगते. प्रत्यारोपणाला किती दिवस झाले आणि सुरुवात कुठून झाली, या दोन उत्तरांत निम्मं निदान असतं. पटत नसेल तर भांडा. फक्त ‘डॉक्टरांना विचारा’ एवढाच प्रतिसाद नको. विचारायचं आहेच, काय विचारायचं ते इथे ठरवू.

गप्प_बसा

पहिला! आणि डॉक्टरांना विचारा.

नसते_उद्योग

दिवसांचा हिशेब मलाही पटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत एकाच पायाची तक्रार, मांडीची पुढची बाजू बधिर, गुडघा ताठ धरता येत नाही, आणि पाय नेमका त्याच बाजूचा जिकडे नवं मूत्रपिंड बसवलंय: ही सूज नव्हे. शस्त्रक्रियेत पोटाची भिंत ओढून धरणाऱ्या रिट्रॅक्टरखाली फेमोरल नस दबलेली असते. काही आठवड्यांत ते महिन्यांत बहुतेकांची सुधारते. तोवर गुडघ्याला आधार द्यायचा आणि पडू द्यायचं नाही.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत खांदा असह्य दुखतो, रात्री झोप नाही, मग दुखणं ओसरताना लक्षात येतं की हात वर जात नाही. ही न्युरॅल्जिक अमायोट्रॉफी, म्हणजे दंडाकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याची सूज. कुठल्याही मोठ्या शस्त्रक्रियेनंतर होऊ शकते. हिपॅटायटिस ई शी तिचं नातं आहे, तेव्हा यकृताचे एन्झाइम वाढलेले असतील तर तो तपासायचाच. प्रत्यारोपण झालेल्यात नुसत्या अँटिबॉडी तपासून भागत नाही, त्या तयारच होत नाहीत कधीकधी. विषाणूचा आरएनए मागवायचा.

पुढचे सहा महिने आणि त्यानंतरचा काळ हा टॅक्रोलिमस, सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू) आणि जुलाबानंतरच्या जीबीएसचा. जीबीएसमध्ये दोन्ही पाय एकदम, बरोबरीने, खालून वर. काही तासांत ते दिवसांत वाढतं आणि चार आठवड्यांच्या आत सगळ्यात वाईट टप्पा गाठतं. आठ आठवड्यांनंतरही वाढतच असेल तर ते जीबीएस नाही, सीआयडीपी. मधल्या चार ते आठ आठवड्यांत न्युरॉलॉजिस्टही मान खाजवतात.

खुंटीवरचा_कोट

नसते_उद्योग, एवढ्या लवकर नसांवर जाऊ नका. नव्या मूत्रपिंडाच्या पहिल्या आठवड्यांत फॉस्फेट लघवीवाटे वाहून जातं. ते फार उतरलं तरी माणूस खुर्चीतून उठत नाही. पोटॅशियम टॅक्रोलिमसने वर जातं, जुलाबाने खाली, आणि दोन्हीकडे पाय लुळे पडतात. मॅग्नेशियम टॅक्रोलिमसने उतरतं आणि कंप वाढवतं. सिक्लोस्पोरिनबरोबर (टॅक्रोलिमसच्याच गटातलं औषध) कोल्चिसिन किंवा स्टॅटिन चालू असेल तर स्नायूच विरघळत असतात, सीपीके (स्नायू फुटल्याचं रक्तातलं मोजमाप) पाठवा. एवढं सगळं एका रक्तनमुन्यात कळतं आणि तासाभरात कळतं. न्युरॉलॉजिस्ट यायला त्याहून जास्त वेळ लागतो.

नसते_उद्योग

शेवटचं वाक्य काळजाला लागलं, पण बरोबर आहे.

एफ_लहर

नर्व्ह कंडक्शन तपासणीत (नसेला विजेचा हलका झटका देऊन संदेश किती वेगाने जातो ते मोजतात) या रुग्णांबाबत काय फसतं ते लिहिते.

पहिलं म्हणजे हातपाय थंड असणं. एसी वॉर्डातून थेट आणलेल्या रुग्णाची त्वचा २८-२९ अंशांवर असते. थंड नस संदेश हळू नेते आणि रिपोर्टवर ‘गती मंद’ छापून येतं. ३२ अंशांच्या खाली असेल तर आधी कोमट पाण्याच्या पिशव्या, मग यंत्र.

दुसरं, जुनं नुकसान. वर्षानुवर्षं डायलिसिसवर आणि मधुमेही असलेल्या माणसाच्या पायाच्या नसा आधीच खराब असतात. त्याचे घोट्याचे झटके, म्हणजे रिफ्लेक्स, प्रत्यारोपणाच्या आधीच गेलेले असतात. "रिफ्लेक्स नाहीत, म्हणून जीबीएस" हे इथे चालत नाही. गुडघ्याचे आणि कोपराचे बघा. काल होते आणि आज नाहीत, ते महत्त्वाचं. प्रत्यारोपणाआधीचा रिपोर्ट फाइलला असेल तर सोन्याहून पिवळं.

तिसरं, फार लवकर केलेली तपासणी. पहिल्या आठवड्यात बरंच काही नॉर्मल दिसतं. त्या वेळी एफ-वेव्ह (नसेतून मणक्यापर्यंत जाऊन परत येणारी लहर) न येणं, आणि हाताच्या संवेदना-नसा बिघडलेल्या असताना पोटरीची सुरल नस शाबूत असणं, या दोन खुणा शोधायच्या. ही दुसरी खूण मधुमेहाच्या उलट आहे. मधुमेहात आधी पाय जातो. शंका उरली तर दोन आठवड्यांनी पुन्हा.

आणि टॅक्रोलिमसचा कंप यंत्राच्या रेषेतही उमटतो. रुग्णाला हात उशीवर सोडून द्यायला सांगा.

शब्दवेडी

मध्येच एक शंका. ‘नस’ म्हणजे नक्की काय? आमच्याकडे सलाइन लावताना "नस सापडत नाही" म्हणतात, पोटरीत गोळा आला की "नस चढली", मान आखडली की "नस दबली". मज्जातंतू, चेतातंतू हे शब्द पुस्तकात शोभतात. ओपीडीत कुणाच्या तोंडून येत नाहीत.

खुंटीवरचा_कोट

म्हणूनच रुग्णाने ‘नस’ म्हटलं की तो शब्द तिथेच ठेवायचा आणि रोजच्या कामाबद्दल विचारायचं. चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही? मग संवेदना गेली आहे. चप्पल निसटते ते कळतं पण पाऊल उचलून धरता येत नाही? मग बळ गेलं आहे. मांडी घालून बसल्यावर किंवा संडासात उकिडवं बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही? कमरेजवळचे स्नायू. डब्याचं झाकण फिरत नाही, शर्टाचं बटण लागत नाही? बोटांचे. केस विंचरताना हात खाली पडतो? खांद्याचे. नुसता कंप असेल तर चहाचा कप बशीत वाजतो पण उचलता येतो. टॅक्रोलिमस आणि जीबीएस इथेच वेगळे होतात.

तांबडारस्सा

म्हणजे कप वाजला तर गोळी, कप सुटला तर गाडी काढा.

वृक्कवल्ली

हे वॉर्डात भिंतीवर लावते.

गोळीबार

टॅक्रोलिमसबद्दल दोन टोकं दिसतात: सगळ्याचं खापर त्याच्यावर फोडणारे आणि पातळी नॉर्मल आहे म्हणून त्याला सोडून देणारे. दोघेही चुकतात.

पातळी म्हणजे सकाळच्या गोळीच्या आधी, रात्रीच्या गोळीला बारा तास झाल्यावर काढलेलं रक्त. मूत्रपिंडात सुरुवातीच्या महिन्यांत साधारण ८ ते १०, वर्ष उलटल्यावर ५ ते ७ नॅनोग्रॅम प्रति मिली ठेवतात, केंद्रागणिक थोडा फरक. गोळी घेऊन मग रक्त दिलं तर १८ येतं आणि सगळे घाबरतात. पण पातळी पट्ट्यात असतानाही कंप, मुंग्या, झोप उडणं होऊ शकतं. कंप पातळीच्या शिखराशी जास्त बांधलेला असतो, म्हणून दिवसातून एकदाच घ्यायच्या, हळूहळू सुटणाऱ्या गोळीवर बदलल्यावर काहींचा उतरतो.

पातळी अचानक का वाढली ते शोधा. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, डिल्टियाझेम ही नेहमीची नावं. जुलाबातही पातळी वाढते, कारण आतड्याच्या अस्तरात टॅक्रोलिमसला अडवून मोडणारी यंत्रणा बिघडते. लोक उलट समजतात: जुलाब झाले, औषध वाहून गेलं, एक गोळी जास्त घेऊ. असं अजिबात करू नका.

आणि नस दुखते म्हणून कुणी कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन लिहून दिलं तर पातळी कोसळते आणि अवयव नाकारला जाऊ शकतो. गॅबापेंटिन, प्रेगाबालिन चालतात, पण मूत्रपिंडाच्या कामाप्रमाणे डोस कापून. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड मिनिटाला किती मिली गाळतं) ३० ते ५९ असेल तर गॅबापेंटिन दिवसाला ४०० ते १४०० मिग्रॅ, १५ ते २९ असेल तर २०० ते ७००. जास्त झालं तर माणूस दिवसभर पेंगतो, अंगाला झटके येतात, आणि घरचे म्हणतात "आता मेंदूतही गेलं."

तांबडारस्सा

फळांचं राहिलं. ग्रेपफ्रूट खाऊ नका असं पत्रकात छापलेलं असतं. ते आपल्याकडे खातं कोण? पण त्याचा सख्खा नातलग पपनस गणपतीत घरोघरी सोलतात. तोही पातळी वाढवतो. पत्रकात पपनस लिहा हो कुणीतरी.

मु_पो_लीड्स

इथल्या पत्रकात पोमेलो असतं, पण पोमेलो म्हणजे पपनस हे इथल्या आपल्या ज्येष्ठांनाही माहीत नसतं. मुद्दा एकदम योग्य.

एक भर. दोन्ही पावलं, घोटे, गुडघे आतून ठणकतात, उभं राहिलं की वाढतं, पाय उंचावर ठेवून आडवं झालं की थांबतं, आणि बळ पूर्ण शाबूत: ही नसांची सूज नव्हे. टॅक्रोलिमस-सिक्लोस्पोरिन गटामुळे होणारं हाडाचं दुखणं आहे. एमआरआयमध्ये हाडाच्या मगजात पाणी दिसतं, अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं असू शकतं. पातळी थोडी उतरवून आणि निफेडिपिनसारखी गोळी देऊन सुधारतं. डिल्टियाझेम त्याच गटातलं म्हणून कुणी लिहिलं तर गोळीबार यांचा प्रतिसाद पुन्हा वाचा.

विहीर_आणि_पोहरा

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे दोनशेच्या वर रुग्ण झाले तेव्हा सगळे एकदम तज्ज्ञ झाले होते. कोंबडीवर बंदी, पनीरवर बंदी. नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले आणि संशय पाण्यावर गेला. प्रत्यारोपण झालेल्यांनी यातून घ्यायचं काय? माझं मत: पाणी. कोंबडी उगाच बदनाम झाली.

खुंटीवरचा_कोट

अर्धं मान्य. पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तसंच ठेवायचं, मग झाकून गार करायचं. उन्हाळ्यात बर्फाचा गोळा आणि उसाचा रस विसरायचं, उकळलेलं पाणी पिऊन वर बाहेरचा बर्फ खाण्यात अर्थ नाही. पण कोंबडीला निर्दोष सोडू नका. कॅम्पायलोबॅक्टर कच्च्या कोंबडीवर असतोच. खरी गडबड शिजवण्यात कमी आणि नळाखाली धुण्यात जास्त: शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर, काकडीवर उडतात आणि ती कच्ची ताटात येते. आपला रस्सा अर्धा तास उकळतो, त्यात काही जगत नाही. चिंता तंदूरच्या हाडाजवळच्या गुलाबी भागाची.

संसर्गानंतर दोन ते पाच दिवसांत जुलाब, आणि जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी पाय जायला सुरुवात. म्हणजे जुलाब पूर्ण बरे झालेले असतात. "गेल्या महिन्यात पोट बिघडलं होतं का?" हे मुद्दाम विचारावं लागतं, आपणहून कुणी सांगत नाही. जुलाबात अँटिबायोटिक लागलंच तर अ‍ॅझिथ्रोमायसिन. क्लॅरिथ्रोमायसिन टॅक्रोलिमसशी भांडतं.

शब्दवेडी

तेव्हा पेपरांत गुलेन बॅरी, गुइलेन बॅरे, गिलियन बार असं सगळं वाचलं. खरा उच्चार?

नसते_उद्योग

फ्रेंचात गियाँ-बारे. १९१६ मध्ये गियाँ, बारे आणि स्ट्रोल यांनी दोन सैनिकांचं वर्णन केलं होतं. स्ट्रोल बिचारा नावातून गळला. जीबीएस म्हणा, कुणाशी वाद नको.

वृक्कवल्ली

सीएमव्हीबद्दल कुणीच लिहीत नाहीये. प्रत्यारोपणातला तो ठरलेला पाहुणा आहे. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर चालू असताना दबून बसतो. अवयव देणारा पॉझिटिव्ह आणि घेणारा निगेटिव्ह असेल तर सहा महिने, घेणारा आधीच पॉझिटिव्ह असेल तर साधारण तीन महिने गोळी देतात. ती थांबली की पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत तो डोकं वर काढतो. म्हणून लुळेपणाच्या रुग्णाच्या फाइलमध्ये गोळी कुठल्या तारखेला थांबली ते शोधायचं आणि रक्ताचा सीएमव्ही पीसीआर, आकड्यासहित, त्याच दिवशी पाठवायचा.

नसते_उद्योग

बरोबर, आणि यात एक खड्डा आहे. सीएमव्ही दोन प्रकारे पाय घालवतो. एकात तो निघून जाताना प्रतिकारशक्तीला नसांवर भडकवून जातो, ते जीबीएस. दुसऱ्यात तो स्वतः पाठीच्या कण्यातल्या नसांच्या मुळांत शिरतो. वरून चित्र सारखंच, पण दुसऱ्यात लघवी लवकर अडते, आणि पाठीच्या पाण्यात पेशी भरपूर, त्याही न्युट्रोफिल. जीबीएसच्या पाण्यात प्रथिनं जास्त आणि पेशी नसल्यासारख्या, बहुधा ५ च्या आत. ५० च्या वर गेल्या तर जीबीएसचं लेबल काढून टाका. मुळांतल्या विषाणूला गॅन्सिक्लोव्हिर शिरेतून, ५ मिग्रॅ प्रति किलो दर बारा तासांनी, मूत्रपिंडाप्रमाणे कमी करून. नुसतं इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी, जीबीएसचं औषध) देत बसलात तर विषाणू आतलं सगळं खाऊन जातो.

म्हणून या रुग्णांत पाठीचं पाणी काढणं टाळू नये. आणखी एक: लिम्फोमाच्या (लसिका पेशींच्या कर्करोगाच्या) पेशी. प्रत्यारोपणानंतरचा लिम्फोमा नसांत शिरू शकतो, म्हणून सायटॉलॉजीला, म्हणजे पेशींच्या तपासणीला, वेगळी बाटली.

एफ_लहर

पहिल्या आठवड्यात जवळपास निम्म्यांची प्रथिनं नॉर्मल येतात, आणि मधुमेहात मुळातच थोडी वाढलेली असतात. त्या आकड्याला फार डोक्यावर घेऊ नका.

प्लाझ्मा_पाटील

क्रम महत्त्वाचा आहे तो सांगतो, कारण रात्री अकरा वाजता गडबडीत हाच चुकतो. आधी पाठीचं पाणी, मग रक्ताच्या दोन-तीन जास्तीच्या नळ्या बाजूला काढून ठेवायच्या, आणि मगच इम्युनोग्लोब्युलिनची पहिली बाटली. हजारो दात्यांच्या अँटिबॉडी आत गेल्यावर सीएमव्ही आयजीजी, हिपॅटायटिस बी अँटिबॉडी सगळं पॉझिटिव्ह येतं आणि ते कुणाचं हे कळत नाही. बाटलीनंतर काढलेल्या पाण्यातही प्रथिनं आणि पेशी वाढलेल्या दिसू शकतात.

दुसरं, प्लाझ्मा बदलणं (रक्तातला द्रव भाग यंत्राने काढून त्याजागी दुसरा घालणं) आणि इम्युनोग्लोब्युलिन यांतलं एकच निवडायचं. बाटल्या आधी दिल्या आणि मग प्लाझ्मा बदलला तर महागडं औषध पिशवीत जमा. उपयोग दोघांचा सारखाच.

वृक्कवल्ली

मग प्रत्यारोपण झालेल्यात कोणतं?

गोळीबार

इम्युनोग्लोब्युलिन, फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडलेली शीर) किंवा कॅथेटर लागत नाही म्हणून. हिशेब: ०.४ ग्रॅम प्रति किलो रोज, पाच दिवस. ६० किलोच्या माणसाला रोज २४ ग्रॅम, एकूण १२० ग्रॅम, म्हणजे दहा ग्रॅमच्या बारा बाटल्या. खर्च लाखांत, तेव्हा पहिल्याच दिवशी समाजसेवा अधीक्षकांकडे कागद पाठवा. सुरुवात होऊन दोन आठवडे व्हायच्या आत दिलं तर फायदा.

मूत्रपिंड सांभाळायचं असेल तर बाटलीवर साखर कोणती ते वाचा. सुक्रोज घातलेलं नको, ते मूत्रपिंडाच्या नलिकांच्या पेशी फुगवतं आणि क्रिएटिनिन चढतं. १० टक्क्यांची बाटली असेल तर पहिला अर्धा तास ताशी ३० मिलीच्या आसपास, त्रास नसेल तर टप्प्याटप्प्याने वाढवा. अंगात पाणी पुरेसं हवं. त्याच दिवशी कॉन्ट्रास्टचं सीटी नको, वेदनेला डायक्लोफेनॅक नको. रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, हेपॅरिनचं विसरू नका. क्रिएटिनिन रोज.

प्लाझ्मा_पाटील

मी उलट म्हणेन. क्रिएटिनिन आधीच डळमळत असेल आणि जुना चालू फिस्टुला असेल तर प्लाझ्मा बदलणं सरळ आहे. युनिटला सवयही असते, अवयव नाकारला जात असतानाही हेच करतात.

आकडा असा: वजन गुणिले ०.०६५ गुणिले (१ वजा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा). ६० किलो, हिमॅटोक्रिट ०.३३, म्हणजे २.६ लिटर. एका वेळी तेवढा बदलायचा, एकाआड एक दिवस, चार-पाच वेळा. बदल्यात ५ टक्के अल्ब्युमिन. आपल्याकडे २० टक्क्यांची १०० मिलीची बाटली मिळते, तीत ३०० मिली नॉर्मल सलाइन घातलं की ५ टक्क्यांचं ४०० मिली होतं. २.६ लिटरला सात बाटल्या धरा. सलाइनच, साधं निर्जंतुक पाणी नाही. पाण्याने पातळ केलं तर लाल पेशी फुटतात आणि मूत्रपिंड त्यात बुडतं.

रक्तदाबाच्या ‘-प्रिल’ने संपणाऱ्या गोळ्या आधी एक-दोन दिवस बंद, नाहीतर अल्ब्युमिन सुरू होताच चेहरा लाल आणि दाब पाताळात. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट वापरत असाल तर ओठांभोवती मुंग्या येतात. त्या कॅल्शियमच्या, जीबीएस तोंडावर चढल्याच्या नाहीत. रोजच्या गोळ्या सत्रानंतर. टॅक्रोलिमस लाल पेशींत बसलेलं असतं म्हणून फारसं जात नाही, पण एटीजी, बॅसिलिक्सिमॅब, रिटुक्सिमॅब ही अँटिबॉडीची औषधं धुऊन निघतात. फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) उतरतं, म्हणून मूत्रपिंडाची बायॉप्सी दुसऱ्या दिवशी लावू नका.

आणि फिस्टुलाच्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही. माहीत असतं सगळ्यांना, बांधतात तरी.

गप्प_बसा

पाच दिवसांत फरक पडला नाही तर परत बारा बाटल्या?

नसते_उद्योग

नाही. २०२१ च्या चाचणीत वाईट लक्षणांच्या जीबीएस रुग्णांना दुसरा डोस देऊन फायदा दिसला नाही, गुठळ्या मात्र वाढल्या. थांबायचं. स्टिरॉइड वाढवूनही जीबीएसला उपयोग नाही, चालू आहे तेवढंच ठेवायचं. सीआयडीपीत मात्र स्टिरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही चालतात. इथे लोक गल्लत करतात.

अंगणवाटा

श्वासाकडे कुणीच वळलं नाही. ऑक्सिमीटर ९८ दाखवतो म्हणून निवांत बसू नका, तो सगळ्यात शेवटी घसरतो. एका दमात मोठ्याने आकडे म्हणायला लावा. वीसच्या आत दम संपत असेल तर बोलवा. उशीवरून डोकं उचलता येतं का बघा, मान जाते तेव्हा श्वासाचा पडदाही जात असतो. यंत्राने मोजत असाल तर वायटल कपॅसिटी (एका दमात सोडता येणारी हवा) २० मिली प्रति किलोच्या खाली, श्वास आत ओढण्याचा दाब पाण्याच्या ३० सेंमीच्या खाली किंवा सोडण्याचा ४० च्या खाली: आयसीयू. सुरुवातीला दर चार तासांनी, वेळेसह लिहून. २२, १९, १६ अशी उतरंड दिसली तर चौथ्या आकड्याची वाट पाहू नका.

बाकी: दर दोन तासांनी कूस बदलणं, घोटा काटकोनात ठेवणारी पट्टी, डोळे मिटत नसतील तर रात्री मलम आणि चिकटपट्टी. घशात श्वासाची नळी घालावी लागली तर अक्षरांचा तक्ता मराठीत बनवा. ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘कूस बदला’ हे शब्द अख्खे लिहा, अक्षरं जुळवायला बोट कुठे उठतंय.

नसते_उद्योग

हृदय बदललेल्यांसाठी एक ओळ. जीबीएसमध्ये नाडी अचानक मंद होते तेव्हा हात अ‍ॅट्रोपिनकडे जातो. बसवलेल्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात, त्यावर अ‍ॅट्रोपिन सहसा काम करत नाही. आयसोप्रेनालिन आणि पेसिंग तयार ठेवा. आणि भूलतज्ज्ञांना सांगा: नळी घालताना स्नायू सैल करायला सक्सामेथोनियम नको, पोटॅशियम उसळतं.

खुंटीवरचा_कोट

टीबीचं राहिलं, आपल्या देशात ते राहून कसं चालेल. प्रत्यारोपणानंतर टीबी झाला की आयसोनियाझिड येतं आणि पायाची आग सुरू होते. त्याबरोबर ब-६ हवंच, पण शंभर-दोनशे मिग्रॅ रोज महिनोन्महिने खाल्लं तर तेच नसा मारतं. लिनेझोलिड चार आठवड्यांच्या पुढे गेलं की तेही. रिफॅम्पिसिन टॅक्रोलिमसला तळाला नेतं, म्हणून रिफाब्युटिनचा विचार करतात. आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन अधिक अ‍ॅसिडिटीची गोळी घेणाऱ्यांचं ब-१२ बघा.

वृक्कवल्ली

वा. पण माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे. दाबलेली प्रतिकारशक्ती उलटते कशी?

नसते_उद्योग

कारण ती सगळीकडून सारखी दाबली जात नाही. टॅक्रोलिमस टी-पेशींचा इंटरल्युकिन-२, म्हणजे त्यांना वाढवणारा निरोप, तोडतं. मारेकरी टी-पेशी त्यावर जगतात, पण त्यांना आवर घालणाऱ्या रेग्युलेटरी टी-पेशीही त्यावरच जगतात. गुंड आणि पोलीस दोघांचा शिधा बंद. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी त्या मानाने मोकळ्या राहतात. त्यात कॅम्पायलोबॅक्टरच्या कवचावरची साखर नसांवरच्या गँग्लिओसाइड या घटकासारखी दिसते, सीएमव्हीच्या संसर्गातही तशीच गल्लत होते, आणि हे संसर्ग प्रत्यारोपणानंतर जास्त. पुढे टॅक्रोलिमसचा स्वतःचा नसांवरचा दुष्परिणाम. जीबीएस आणि सीआयडीपी या औषधावर असताना झाल्याच्या नोंदी आहेत आणि औषध बदलल्यावर सुधारल्याच्याही.

गोळीबार

म्हणजे लगेच बदला?

नसते_उद्योग

इथे मी सावध आहे. इम्युनोग्लोब्युलिन आणि औषधबदल एकदम केले तर कशाने सुधारलं ते कळत नाही. जीबीएस साध्या वाटेने सुधारत असेल तर पातळी पट्ट्याच्या खालच्या काठावर आणून थांबतो. सीआयडीपी पुन्हा पुन्हा उलटत असेल तर सिक्लोस्पोरिन किंवा एव्हरोलिमसचा विचार, तोही प्रत्यारोपणवाल्यांनी ठरवायचा. एव्हरोलिमस जखम भरू देत नाही, लघवीत प्रथिनं वाढवतं.

मु_पो_लीड्स

प्रथिनांवरून: सीआयडीपीसारखं चित्र, इम्युनोग्लोब्युलिनला दाद नाही आणि लघवीत प्रथिनं भरपूर, असं एकत्र दिसलं तर काँटॅक्टिन-१ या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी तपासा. त्या नसेच्या गाठीवर आणि मूत्रपिंडाच्या गाळणीवर एकाच वेळी बसतात. त्यावर रिटुक्सिमॅब चालतं. ‘अवयव नाकारला जातोय’ समजून भलतीकडे जाऊ नये.

विहीर_आणि_पोहरा

जीबीएस होऊन गेल्यावर फ्लूची लस?

खुंटीवरचा_कोट

जीबीएस मागच्या फ्लू लसीनंतर सहा आठवड्यांच्या आत झालं असेल तर पुढची लस तोलूनमापून, नाहीतर बहुतेकांना घेता येते. जिवंत विषाणूंच्या लसी प्रत्यारोपणानंतर नाहीतच. नागिणीची रिकॉम्बिनंट लस जिवंत नाही, पण तिच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकात जीबीएसचा इशारा आहे, तेव्हा जुना रुग्ण असेल तर आधी न्युरॉलॉजिस्टचा शब्द घ्या.

तांबडारस्सा

आणि पपनस?

गोळीबार

पपनस नाही. गणपतीला दाखवा, प्रसाद शेजाऱ्यांना वाटा.